अमेरिकेतला राजकीय विरोधक : 'तो चुकतोय' ते 'तो माणूसच वाईट'

सांजवारा

२००८ च्या ऑक्टोबरमधला तो व्हिडिओ इथल्या बहुतेकांनी पाहिला असेल. मिनेसोटातल्या लेकव्हिलला रिपब्लिकन पार्टीचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जॉन मकेनची सभा चालू होती, लोक उभे राहून प्रश्न विचारत होते, त्यात एक बाई माइक घेऊन म्हणाल्या की माझा ओबामावर विश्वास नाही, मी त्याच्याबद्दल वाचलंय, तो अरब आहे. मकेन मान हलवत पुढे झाला, त्यांच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाला, नाही बाई, तो सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहे, या देशाचा नागरिक आहे, माझे त्याच्याशी मूलभूत गोष्टींवर मतभेद आहेत आणि ही निवडणूक त्यावरच आहे. त्याच सभेत ओबामा निवडून आला तर घाबरायचं कारण नाही असं म्हणाल्यावर त्याच्याच समर्थकांनी त्याची हुर्यो उडवली. मतदानाला महिनासुद्धा उरलेला नव्हता आणि सर्व्हेमध्ये तो मागे होता, तरी बोलला.

आज कुठल्याही पार्टीचा उमेदवार असं करेल का? मला तरी वाटत नाही आणि केलंच तर पुढच्या प्रायमरीत, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्याचं काय होईल तेही आपल्याला माहिती आहे.

मला टोचतं ते हे की भांडणाचा विषयच बदललाय. प्यू रिसर्च या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये विचारलं होतं की समोरच्या पार्टीचे लोक इतर अमेरिकनांपेक्षा जास्त अनैतिक आहेत असं वाटतं का, तेव्हा ४७ टक्के रिपब्लिकन आणि ३५ टक्के डेमोक्रॅट हो म्हणाले होते, २०२२ मध्ये तेच आकडे ७२ आणि ६३ झाले. सहा वर्षांत! टॅक्स किती असावा, बॉर्डरवर काय करावं, गर्भपाताचा कायदा कसा असावा यावर माणसं आधीही कडाकडा भांडायची पण समोरचा चुकतोय असं म्हणून भांडायची, आता समोरचा मुळातच वाईट आहे असं धरून सुरुवात होते, आणि वाईट माणसाशी बोलायचं कशाला, त्याला हरवायचंच, मग बोलणं संपतंच की. हे कशामुळे झालं आणि कुठून मागे फिरता येईल यावर तुम्हाला काय वाटतं ते लिहा. कोण जास्त दोषी यावर धागा गेला तरी चालेल, फक्त मुद्द्याने जाऊ दे.

जुनापाना

चांगला विषय घेतलात. पण "पूर्वी सभ्यता होती" हे सरसकट घेऊ नका. १८०४ मध्ये चालू उपराष्ट्राध्यक्ष एरन बरने आपला राजकीय विरोधक, माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला द्वंद्वात गोळी घातली, हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी गेला. २२ मे १८५६ ला प्रेस्टन ब्रूक्स नावाचा साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी सरळ सिनेटच्या सभागृहात शिरला आणि सिनेटर चार्ल्स समनर आपल्या डेस्कवर लिहीत बसला होता त्याला काठीने डोक्यात मारत सुटला, काठी तुटेपर्यंत मारलं, समनरचे पाय डेस्कखाली अडकलेले, उठता येईना. कारण काय तर समनरने गुलामगिरीविरुद्ध केलेलं भाषण. पुढची तीन वर्षं समनर धड कामावर येऊ शकला नाही. ब्रूक्सला हाकलायला पुरेशी मतं पडली नाहीत, त्याने स्वतःहून राजीनामा दिला आणि लोकांनी त्याला परत निवडून दिलं, वर साउथमधून नव्या काठ्या भेट म्हणून पाठवल्या!

तेव्हा हा देश पहिल्यांदा दुभंगलाय असं नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्या काठ्या पाठवणाऱ्यांचं. मारणारा एकच होता, पण त्याला हिरो करणारे हजारो होते. आणि पाच वर्षांच्या आत यादवी युद्ध सुरू झालं.

गोदातीर

सगळा दोष मीडियाचा. १९८७ मध्ये फेअरनेस डॉक्ट्रिन (वादाच्या विषयावर दोन्ही बाजू ऐकवायचा नियम) काढून टाकलं, दुसऱ्याच वर्षी कट्टर उजव्या रश लिंबॉचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला, १९९६ मध्ये फॉक्स आणि एमएसएनबीसी ही न्यूज चॅनेल आली, मग फेसबुक, ट्विटर. दिवसभर रागावलेली माणसं रागावलेल्या माणसांना ऐकवतायत. आणखी काय कारण हवं?

टिपकागद

गोदातीर, मीडियाचा हात आहेच पण फेअरनेस डॉक्ट्रिनवर फार भार टाकू नका. तो एफसीसीचा (रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) १९४९ चा नियम होता, सरकारी लायसन्सवर चालणाऱ्या रेडिओ-टीव्ही स्टेशनांसाठी. केबलला तो तसा लागूच पडला नसता, इंटरनेटचं तर सोडाच. टॉक रेडिओवर फरक पडला हे मान्य.

मला काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, आतल्या घडामोडी जास्त महत्त्वाच्या वाटतात. १९७९ मध्ये हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) कॅमेरे आले. रिपब्लिकन खासदार न्यूट गिंग्रिच आणि त्याच्या सोबत्यांच्या लक्षात आलं की दिवसाचं कामकाज संपल्यावर रिकाम्या सभागृहात भाषण ठोकलं तरी टीव्हीवर ते रिकामं दिसत नाही, कॅमेरा फक्त बोलणाऱ्यावर असतो. मग डेमोक्रॅट्सवर आरोप करायचे, "या, उत्तर द्या" म्हणून थांबायचं, आणि बघणाऱ्याला वाटणार कुणाकडे उत्तरच नाही. मे १९८४ मध्ये डेमोक्रॅट स्पीकर टिप ओनील वैतागला, त्याने कॅमेरा फिरवून रिकाम्या खुर्च्या दाखवायला लावल्या, पुढे भर सभागृहात गिंग्रिचला इतकं बोलला की स्पीकरचेच शब्द कामकाजातून काढावे लागले. फायदा कुणाचा झाला? गिंग्रिचचा. त्या दिवसापर्यंत देशात फारसं कुणी त्याला ओळखत नव्हतं. १९९० मध्ये त्याच्या गोपॅक संस्थेने उमेदवारांना शब्दांची यादीच वाटली, आपल्याबद्दल बोलताना कुठले शब्द वापरायचे आणि विरोधकांबद्दल कुठले, त्या दुसऱ्या यादीत देशद्रोही, भ्रष्ट, रोगट, दयनीय असे शब्द होते. म्हणजे हे आपोआप घसरलेलं नाही, शिकवून बसवलंय.

आणि डेमोक्रॅट नामानिराळे नाहीत. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने न्यायाधीश रॉबर्ट बोर्कला सुप्रीम कोर्टासाठी नेमल्याचं जाहीर झालं त्यानंतर तासाभरात डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी सिनेटमध्ये उभा राहिला आणि बोर्कच्या अमेरिकेत बायकांना लपूनछपून गर्भपात करावे लागतील, काळ्यांना वेगळ्या टेबलावर बसावं लागेल असं भाषण केलं. बोर्कची मतं मलाही पटत नाहीत, त्याला ५८-४२ ने नाकारलं ते ठीक, पण त्या भाषणाने नेमणुकांच्या लढाईची जी पट्टी ठरवली ती परत खाली आलीच नाही.

पैशाचं तर बोलायलाच नको. सप्टेंबर २००९, ओबामाचं संयुक्त सभागृहापुढे भाषण, मध्येच रिपब्लिकन खासदार जो विल्सन ओरडला "तू खोटं बोलतोस". हाउसने २४० विरुद्ध १७९ मतांनी त्याची निंदा केली. आणि थोड्याच दिवसांत त्याच्याकडे दहा लाख डॉलरच्या वर देणग्या आल्या, त्याच्या विरोधातल्या उमेदवारालाही तेवढ्याच वर मिळाल्या. दोन-तीन शब्द ओरडल्यावर दोन्हीकडच्या तिजोऱ्या भरत असतील तर शांत बोलणारा वेडाच ठरणार ना.

रानवाट

मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नका.

ज्या काळाची सगळे आठवण काढतात, म्हणजे दोन्ही पार्ट्यांचे लोक संध्याकाळी एकत्र बसायचे, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जायचे वगैरे, त्या काळात सिनेटमध्ये काय चाललं होतं बघा. मार्च १९५६ मध्ये साउथच्या १०१ खासदारांनी सदर्न मॅनिफेस्टोवर सह्या केल्या, शाळांमधलं वर्णभेदी विभाजन बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाला विरोध म्हणून. वाचून बघा, एक शिवी नाही, घटनेचे दाखले आहेत, भाषा एकदम सभ्य. आणि मागणी काय तर काळ्या मुलांना वेगळंच ठेवा. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगने बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलं तेव्हा त्याची सगळ्यात मोठी तक्रार त्या मवाळ गोऱ्यांबद्दल होती, ज्यांना न्यायापेक्षा शांतता प्यारी. "तुमचं म्हणणं बरोबर आहे पण पद्धत चुकीची" हे त्याला रोज ऐकायला मिळायचं. म्हणून कुणी सभ्यतेबद्दल बोलायला लागलं की मी आधी बघते गप्प कुणाला बसवतायत.

आणि मकेनच्या उत्तराबद्दल. त्याचं धाडस मान्यच. पण "अरब आहे" ला "नाही, सभ्य माणूस आहे" हे उत्तर अरब माणसाच्या कानाला कसं लागलं असेल? कॉलिन पॉवेल थोड्याच दिवसांनी टीव्हीवर ओबामाला पाठिंबा देताना हेच बोलला, की ओबामा ख्रिश्चन आहे हे बरोबर उत्तर झालं, पण खरं उत्तर म्हणजे समजा तो मुस्लिम असता तर काय बिघडलं असतं? तो स्वतः रिपब्लिकन प्रशासनातला माजी परराष्ट्रमंत्री. तेही तितक्याच शांतपणे बोलला, पण बोलला.

सांजवारा

रानवाट, राग कशाला, पॉवेलचं उदाहरण तर माझ्या मुद्द्याला मकेनपेक्षा जास्त लागू पडतं. मला अभिप्रेत आहे ते गोड बोलणं नाहीच. सदर्न मॅनिफेस्टो गोड होतं आणि घोर अन्याय होता, किंगचं पत्र कडक होतं पण ते ज्यांच्यावर टीका करतं त्या धर्मगुरूंना उद्देशूनच लिहिलेलं आहे, त्यांच्या एकेका आक्षेपाला उत्तर देतं, तुम्हीही समजू शकता असं धरून लिहिलंय. ज्याला आपण माणसातून उठवलेलं असतं त्याला कुणी इतकं लांबलचक पत्र लिहीत नाही. मी हरवलंय म्हणते ते हे. समोरच्याला उत्तर देण्याच्या लायकीचा मानणं.

आणि जुनापाना, काठ्या पाठवणाऱ्यांचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. आजच्या काठ्या म्हणजे त्या देणग्या.

मिनेसोटाकर

मी फारसा लिहीत नाही, वाचत असतो. पण १४ जून २०२५ ची सकाळ आमच्याकडे कुणी विसरणार नाही. मेलिसा हॉर्टमन, आमच्या विधानसभेच्या माजी स्पीकर, डेमोक्रॅट, आणि त्यांचा नवरा, दोघांना घरात घुसून मारलं, राज्याचे सिनेटर हॉफमन आणि त्यांच्या बायकोला गोळ्या लागल्या. पोलिसासारखे कपडे घालून आलेला माणूस. आम्हाला फोनवर अलर्ट आले की पोलीस एकटा दारात आला तर उघडू नका. दाराच्या काचेतून बाहेर बघत बसलो होतो. मग तीनच महिन्यांनी १० सप्टेंबरला युटामध्ये ट्रंपसमर्थक कार्यकर्ता चार्ली कर्कला कॉलेजच्या कार्यक्रमात गोळी घातली. त्याची मतं मला बिलकुल पटायची नाहीत पण तो त्या क्षणी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता हो, माइक हातात घेऊन. त्याच्या मरणावर आनंद व्यक्त करणाऱ्या पोस्ट वाचून मला मळमळलं, आणि हॉर्टमनबाईंच्या वेळी घाणेरडी टिंगल करणाऱ्या पोस्ट वाचूनही तसंच झालं होतं.

कॅपिटल पोलिसांकडे (संसदेच्या सुरक्षेचे पोलीस) खासदारांविरुद्धच्या धमक्यांची प्रकरणं २०१७ मध्ये ३,९३९ होती, २०२१ मध्ये ९,६२५. याचा परिणाम साधा आहे. लोकप्रतिनिधी उघड्यावर भेटेनासे होतात. २०११ मध्ये डेमोक्रॅट खासदार गॅबी गिफर्ड्सवर ॲरिझोनातल्या टुसॉनला हल्ला झाला, सहा माणसं गेली, ती काय करत होती तर दुकानाबाहेर टेबल टाकून मतदारांना भेटत होती. आता अशा भेटी बंद नाहीतर आधी नाव नोंदवून. म्हणजे ज्या जागी समोरासमोर बोलणं शक्य होतं त्याच जागा आधी बंद पडल्या.

जुनापाना

मिनेसोटाकर, वाचून वाईट वाटलं, काळजी घ्या.

गिफर्ड्सच्या हल्ल्यानंतर दोनेक आठवड्यांनी स्टेट ऑफ द युनियनला (संसदेपुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या वार्षिक भाषणाला) दोन्ही पार्ट्यांचे बरेच लोक मुद्दाम मिसळून बसले होते. चांगलं दिसलं होतं. टाळ्या वाजवताना एक बाजू उठतेय एक बसतेय हे दृश्य त्या वर्षी नव्हतं. हळूहळू परत पहिल्यासारखं झालं.

कातरवेळ

एक मुद्दा स्पष्ट मांडते. "दोन्ही बाजू सारख्याच" हे मला पटत नाही. ६ जानेवारी २०२१ ला निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून ट्रंपचे समर्थक संसदेत घुसले, पोलिसांना मारलं, त्यातल्या गुन्हे दाखल झालेल्या जवळपास सगळ्यांना २०२५ मध्ये ट्रंपने पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पहिल्याच दिवशी माफी दिली. याच्यासमोर डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटनबाई २०१६ मध्ये ट्रंपच्या अर्ध्या समर्थकांना निंदनीय म्हणाल्या ते ठेवून तराजू समान दाखवायचा? त्यांचं बोलणं चूकच होतं, पण दोन्हीला एका मापात मोजणं हाही खोटेपणाच. शिष्टाचाराच्या नावाखाली हे बोलू दिलं नाही तर मला तो शिष्टाचार नको.

टिपकागद

कातरवेळ, वजन वेगळं आहे हे मान्य, पूर्ण मान्य. पण त्यातून एक निसटतं. ६ जानेवारीला संसदेत घुसलेले काही हजार आणि रिपब्लिकनांना मत देणारे ७ कोटींच्या वर. घुसणाऱ्यांना गुन्हेगार म्हणा, माफी देणाऱ्याला जाब विचारा, ७ कोटींना त्याच शब्दात गुंडाळलं की आपणच त्यांना त्या हजारांकडे ढकलतो. मोअर इन कॉमन या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या लोकांना वाटत होतं की समोरच्यांतले साधारण ५५ टक्के टोकाची मतं बाळगतात, प्रत्यक्षात ते प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास निघालं. आपण ज्यांच्याशी भांडतोय त्यातले बरेचसे आपल्या डोक्यातच आहेत.

कातरवेळ

बरोबर आहे पण ते ७ कोटी त्या माफीबद्दल काय बोलले हेही विचारायला हवं ना. गप्प राहण्याचाही हिशोब होतो. असो, मतदार आणि नेता यात फरक करायचा हे मान्य.

पाऊलखुणा

बोलून उपयोग होतो का यावर थोडं.

२०२१ मध्ये आमच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगांना मी जात होते, मास्कवरून रान पेटलेलं होतं. पब्लिक कमेंटला प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर छोटा दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. एक बाबा आला, चिठ्ठी थरथरत होती हातात, बोर्डावरच्या एका बाईंना उद्देशून म्हणाला तुम्ही कुठे राहता ते आम्हाला माहिती आहे. हॉल टाळ्यांनी दणाणला. त्या बाई बिनपगारी काम करणाऱ्या, पुढच्या वेळी उभ्याच राहिल्या नाहीत. नंतर पार्किंगमध्ये तोच माणूस दुसऱ्या आईशी अगदी नॉर्मल बोलताना दिसला, त्याच्या मुलाला ऐकायला कमी येतं, मास्कमुळे टीचरचे ओठ दिसत नाहीत, वर्षभर पोरगा वर्गात नुसता बसून आहे. हे त्याने त्या तीन मिनिटांत सांगितलंच नव्हतं! सांगितलं असतं तर बोर्ड काहीतरी करू शकलं असतं. त्या हॉलची रचनाच अशी की तुम्ही बोर्डाशी बोलत नाही, मागे बसलेल्यांसाठी बोलता, बोर्ड उत्तर देत नाही, नियमच तसा, आणि लाल दिवा लागला की खाली.

म्हणून नुसतं "विरुद्ध मत ऐकत जा" या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. २०१८ मध्ये एक प्रयोग छापून आला होता, ट्विटरवरच्या लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचे मेसेज दाखवले, रिपब्लिकन उलट जास्तच कट्टर झाले, डेमोक्रॅट तरी कुठे मवाळ झाले. पण २०१६ मध्ये मायामीमधला दुसरा अभ्यास आला, त्यात कार्यकर्ते दारोदार गेले, ट्रान्सजेंडर लोकांबद्दल दहाएक मिनिटं बोलले, म्हणजे जास्त करून ऐकलं, "तुम्हाला कधी कुणी वेगळं म्हणून वागवलंय का" असं विचारलं. त्या लोकांमधला पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनी परत विचारलं तेव्हाही तो फरक टिकलेला होता. एकात मतं अंगावर फेकली, दुसऱ्यात माणूस दारात उभा राहिला. ब्रेव्हर एंजल्स नावाची संस्था २०१६ च्या निवडणुकीनंतर ओहायोत ट्रंप आणि क्लिंटनच्या मतदारांना एकत्र बसवून सुरू झाली, तिथे पहिला नियम हाच की कुणाचं मत बदलायचं नाही, आधी आपल्याच बाजूबद्दलचे गैरसमज आणि त्यात खरं किती ते सांगायचं. ते दुसरं सांगणं फार अवघड जातं लोकांना. मला पण जातं.

गोदातीर

पण हे दहा-वीस माणसांचं झालं. ३० कोटींच्या वरच्या देशाचं काय?

टिपकागद

त्याला निवडणुकीची रचना बदलावी लागते. हाउसच्या ४३५ पैकी बहुतेक जागा अशा आहेत की नोव्हेंबरमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, खरी निवडणूक प्रायमरीत, आणि तिथे मत द्यायला येतात ते थोडे आणि तापलेले. अशा ठिकाणी दुसऱ्या बाजूशी सभ्य बोलणं हाच गुन्हा ठरतो. अलास्काने २०२० मध्ये हे बदललं, सगळ्या पार्ट्यांची एकच प्रायमरी, पहिले चार पुढे, मग मतदार पसंतीक्रम लावणार. २०२२ मध्ये रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की, जिला स्वतःच्या पार्टीने झिडकारलं होतं, तीच निवडून आली, कारण तिला डेमोक्रॅट मतदाराची दुसरी पसंतीही हवी होती, ज्याची दुसरी पसंती हवी त्याला शिव्या देऊन कसं चालेल. २०२४ मध्ये ही पद्धत रद्द करायचा प्रस्ताव आला, अगदी थोडक्या मतांनी पडला.

रानवाट

मर्कोव्स्कीचं माहिती नव्हतं, वाचते. युटाचा गव्हर्नर कॉक्सही असाच, २०२० मध्ये विरोधी उमेदवाराला शेजारी उभं करून दोघांनी मिळून जाहिरात केली होती, निकाल काहीही लागो आम्ही मान्य करू म्हणून. पण तो हमखास निवडून येणारच होता, त्यामुळे त्याला ते परवडलं. अटीतटीच्या जागेवर कुणी केलंय का असं? कुणाला उदाहरण माहिती असेल तर टाका.

मिनेसोटाकर

आमच्याकडे शोधतो. पाऊलखुणा, तुमच्या त्या स्कूल बोर्डाने तीन मिनिटांचा नियम बदलला का नंतर? आमच्या गावात मी मागणी करणार आहे की बोर्डाच्या एका सदस्याने तरी मीटिंगच्या आधी अर्धा तास टेबल टाकून बसावं, ज्याला बोलायचंय त्याने समोर खुर्चीत बसून बोलावं, कॅमेरा नाही, टाळ्या नाहीत. सुरक्षेचं कसं करायचं तेवढं सुचत नाहीये. कुणी असं कुठे चालू केलेलं बघितलं असेल तर सांगा, पुढच्या मीटिंगच्या आत अर्ज द्यायचाय.

पाऊलखुणा

नाही बदलला. पण जवळच्या गावातल्या लायब्ररीत असं काहीसं चालू आहे, दोन खुर्च्या आणि दारात गावातलाच ओळखीचा पोलीस. त्यांचा अर्ज कसा होता ते विचारून तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करते.